मुखाविना स्त्रीचित्र

स्त्रीरूपाच्या चित्रणाचा विषय निघाला कीं आपल्या घरांतील बोलणें बहुधा राजा रविवर्म्याच्या तसबिरींपाशीं येऊन थांबतें. अमेरिकेंतील जॉन कसीर या चित्रकारानें याच विषयावर आपलें बहुतेक आयुष्य वेंचलें. मात्र त्याच्या स्त्रियांना मुख नाहीं.

कसीर यांचा जन्म १९२० सालीं आयोवा संस्थानांतील वॉकर या गांवीं झाला. आरंभीं ते अमूर्त चित्रें काढीत. १९६३ सालीं त्यांनीं छायाचित्राइतकें हुबेहूब रंगविण्याची रीत पत्करली. या संप्रदायास पुढें न्यूयॉर्कचे चित्रविक्रेते लुई मायझेल यांनीं ‘फोटोरिअ‍ॅलिझम’ हें नांव दिलें. कसीर त्याच्या आद्य चित्रकारांत गणले जातात. त्यांना स्वतःला तें नांव मान्य नव्हतें.

त्यांच्या बहुतेक चित्रांत तलम अंतर्वस्त्रांतील स्त्रीदेहाचा मध्यभागच तेवढा दिसतो. रेशमाची चमक, जाळीची किनार, ताणल्यानें वस्त्रास पडलेली चुणी, सारें तैलरंगांत उतरलेलें. छायाचित्र क्षणांत निघतें. ती चुणी रंगवावयास फार सबूर लागते. इतका वेळ एका चुणीकडे पाहणाऱ्यास नुसता लंपट म्हणून बाजूस सारणें मला न्याय्य वाटत नाहीं.

आणि आपलें काव्य तरी कोठें संकोचतें? कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत कालिदास पार्वतीच्या पायांपासून आरंभ करून वर चढत जातो. (हे श्लोक वर्गांत कसे उरकावे, हा आम्हां संस्कृतच्या मास्तरांपुढचा जुनाच पेंच!) कटी, त्रिवली, कांहींच वगळलेलें नाहीं. परंतु तें वर्णन पुढें मुख, स्मित, वाणी आणि दृष्टि यांपर्यंत पोंचतें. कसीर कटीपाशींच थांबले. स्त्री ही सर्व जीवनाचें उगमस्थान असून आपण तिचें स्तवन करतों, असें ते म्हणत. हें मीं घरीं सांगितलें तेव्हां सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, आपण तिला पाहतों, ती कोणाला पाहते?” मला उत्तर सुचलें नाहीं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनें नोंदविली पाहिजे. मुख गाळलें तरी कित्येक चित्रांस त्यांनीं स्त्रीचें नांव दिलें आहे. १९७३ चें ‘युट्टा’ हें त्यांतलेंच. याच चित्रावरून सोफिया कोपोला या दिग्दर्शिकेनें २००३ सालच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटाचें पहिलें दृश्य योजिलें. तेथेंही प्रथम पाठमोरी निजलेली स्त्रीच दिसते. पण पुढें तिचा चेहरा, तिची उडालेली झोंप, परक्या शहरांतील तिचें एकटेपण हीं सारीं प्रेक्षकांपुढें येतात. कसीर १९९९ सालींच वारले होते.