दर वेळी कोसळणारा सर्व्हर

सर्व्हर दर वेळी नेमक्या त्याच विनंतीला कोसळत असेल, तर दुरुस्त करणाऱ्यासाठी ती आनंदाची बातमी. छळतात ते कधीमधी पडणारे. टँडेम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात दोषांच्या या दोन जाती मांडल्या: हमखास घडणारा 'बोरबग' आणि शोधायला गेलं की गायब होणारा 'हायझेनबग'. त्यांनी चाळलेल्या नोंदींत १३२ दोषांपैकी बोरबग निघाला फक्त एक. मुरलेल्या सॉफ्टवेअरमधले हमखास दोष चाचण्यांतच निपटलेले असतात. कोवळ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते शिल्लक असतात, आणि सापडतात ते वापरणाऱ्यालाच.

उदाहरणार्थ 'बन'. हा जावास्क्रिप्टचा रनटाइम, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. त्याची १.० आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मेमरीची उठाठेव करावी लागत नाही. पण बन मुळात लिहिला गेला झिग भाषेत, आणि तिथे घेतलेली मेमरी परत करणं हे प्रोग्रॅमरचंच काम. समजा, बनवर चालणाऱ्या सर्व्हरचं उत्तर अर्धवट पोचलेलं असताना समोरच्याने ब्राउझर बंद केला. सर्व्हरने त्या उत्तराची मेमरी सोडून दिली, पण मागे राहिलेलं एखादं फंक्शन तिथेच लिहायला गेलं. ती जागा आता आपली नसेल, तर लिनक्स ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवतं: सेगमेंटेशन फॉल्ट. एका ग्राहकापायी सगळ्यांचाच सर्व्हर बंद. अशा वेळी बन स्वतःच पडद्यावर लिहितो, की हा दोष बनचा आहे, तुमच्या कोडचा नाही. एवढा सरळपणा इतरांनीही दाखवायला हरकत नाही!

पण दोष बनचा म्हणून आपला अख्खा प्रकल्प बनच्या कर्त्यांच्या गळ्यात मारून चालत नाही. अर्धा कोड काढा, चालवा. तरीही कोसळला, तर उरलेल्यातला अर्धा काढा. आंद्रेआस झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी हीच छाटणी संगणकाकडून करून घेतली. तेव्हा नवख्या असलेल्या मोझिला ब्राउझरला एक पान छापायला दिलं की तो कोसळायचा. त्या पानाच्या ८९६ ओळींतून शेवटी एकच ओळ उरली, 'सिलेक्ट' या टॅगची.

तेव्हा तुमचा सर्व्हर असा पडला, तर आधी बनच्या ताज्या आवृत्तीवर पडतो का ते पाहा. पडत असेल, तर आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर आणि छाटलेला प्रोग्रॅम एवढं कळवा. पासवर्ड तेवढे काढून टाका.