एडिटिंगचं काम घेण्याआधी फाइलमधल्या फ्रेम मोजा

लग्नाचे, क्लासचे, जाहिरातींचे व्हिडिओ एडिट करून देण्याचा व्यवसाय तुमच्यापैकी बरेच जण सुरू करतायत. त्यात एक तक्रार हमखास येते: "सुरुवातीला ठीक आहे हो, पण शेवटी ओठ कुठे आणि आवाज कुठे!" अशा वेळी आधी फ्रेम रेट बघा.

कॅमेऱ्यात 30 लिहिलेलं असलं तरी खरा आकडा बऱ्याचदा 29.97 असतो, म्हणजे 30000 भागिले 1001. हा अपूर्णांक अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या 1953 च्या मानकातून आलाय. आपल्याकडचा टीव्ही 25 चा. आता हिशोब करा. एका तासाच्या भाषणात 30 ने 1,08,000 फ्रेम होतात, पण फाइलमध्ये असतात साधारण 1,07,892. तुम्ही स्क्रिप्टने फ्रेम काढल्या, त्यावर काम केलं आणि 30 च्या वेगाने परत जोडल्या, तर चित्र आवाजाच्या 3.6 सेकंद आधी संपणार. ग्राहक पैसे अडवतो ते इथेच.

पायथनमध्ये ओपनसीव्ही वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते सांगतं ती फ्रेमसंख्या मोजलेली नसते. फाइलच्या माहितीत आकडा लिहिलेला असेल तर तो उचललेला असतो, नसेल तर कालावधी गुणिले फ्रेम रेट. अंदाजाला चालेल, बिलाला नाही.

खरी मोजणी हवी तर एफएफप्रोब घ्या, एफएफएमपेगसोबत फुकट मिळतं. त्यात 'काउंट फ्रेम्स' पर्याय दिला की ते पूर्ण फाइल उलगडून एकेक फ्रेम मोजतं. मोठ्या फाइलला वेळ लागतो, चहा होतो तोवर. घाई असेल तर 'काउंट पॅकेट्स'. एमपी4 मध्ये साधारणपणे एका पॅकेटमध्ये एकच फ्रेम असते, त्यामुळे उत्तर बहुधा तेच येतं आणि पटकन येतं.

मोबाइलच्या क्लिप मात्र वेगळंच प्रकरण. उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेम रेट आपोआप खाली आणतात, म्हणजे एकाच क्लिपमध्ये वेग बदलत राहतो. एफएफप्रोब दोन रेट दाखवतं: एक सरासरी आणि एक 'आर फ्रेम रेट', जो त्याने वेळेच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो. दोन्हींत ठळक फरक दिसला की वेग बदलता असल्याचा संशय घ्या. इथे सरासरीवरून एकूण फ्रेमचा अंदाज बरा येतो, पण 500 वी फ्रेम नेमकी कितव्या सेकंदाला आहे हे गुणाकाराने कळत नाही. त्यासाठी प्रत्येक फ्रेमची वेळेची नोंदच वाचावी लागते.

अशी क्लिप आली तर एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून बदलून घ्या. यात कॉम्प्युटरचा वेळ जातो, आणि 40 क्लिप असतील तर बराच जातो. म्हणून कोटेशन फोनवर लगेच सांगू नका. आधी फाइली मागवा, तपासा, आणि या कामाची वेगळी ओळ टाकून मगच रेट पाठवा.