सोडियम-आयन बॅटरी: ऐकीव काय, खरं काय?

छतावर सोलर बसवून वीजबिल शून्यावर आणलेल्या छत्रपती संभाजीनगरातल्या घरांना पहिला धक्का बसतो तो महावितरणचा पुरवठा गेल्यावर. बाहेर ऊन रणरणतंय आणि घरात पंखा बंद! लाइन गेली की ऑन-ग्रिड सोलर मुद्दाम बंद होतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा शॉक बसेल. तेव्हाही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर लागतो. तिथेच हल्ली सोडियम-आयनचं नाव निघतं आणि त्यासोबत बऱ्याच वावड्याही.

गैरसमज: या बॅटरीत मिठाचं पाणी असतं.
वस्तुस्थिती: नसतं. सेलच्या एका बाजूला सोडियम असलेलं धातूचं संयुग, दुसऱ्या बाजूला हार्ड कार्बन आणि मधे सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला सोडियमचा क्षार असतो. चार्जिंग होताना सोडियमचे आयन कार्बनमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. हा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनवता येतो.

गैरसमज: सोडियम आहे म्हणजे स्फोट होणार. / सोडियम आहे म्हणजे आग लागणारच नाही.
वस्तुस्थिती: दोन्ही चूक. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात तो धातुरूप सोडियम या बॅटरीत नसतो. पण तिचा द्रावक ज्वलनशील असतो. त्यामुळे बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, इथेही हवंच. फायदा एवढा, की दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पत्री चालत असल्यामुळे ही बॅटरी शून्य व्होल्टपर्यंत रिकामी करून सुरक्षित नेता येते. लिथियम बॅटरी तेवढी रिकामी केली तर तिच्यातलं तांबं विरघळू लागतं.

गैरसमज: मीठ स्वस्त, म्हणून बॅटरी निम्म्या भावात.
वस्तुस्थिती: पृथ्वीच्या कवचात सोडियम लिथियमच्या हजारपटीहून जास्त आहे, हे खरं. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरल्यानेही पैसे वाचतात. पण कच्चा माल हा किमतीचा एक भाग झाला. 2022 मध्ये गगनाला भिडलेले लिथियमचे भाव 2023 मध्ये कोसळले आणि वर्षानुवर्षं प्रचंड प्रमाणात बनणारी लोह-फॉस्फेट लिथियम बॅटरी आणखी स्वस्त झाली. सोडियमला त्या भावाशी टक्कर द्यायची आहे.

गैरसमज: वजनाला जड, म्हणून कुचकामी.
वस्तुस्थिती: तेवढ्याच विजेसाठी ती लिथियमपेक्षा सहसा जड आणि आकाराने मोठी असते, म्हणून मोबाइलला गैरसोयीची. पण जिन्याखाली किंवा सबस्टेशनच्या आवारात ठेवायची बॅटरी कोण उचलून फिरतंय? शिवाय इन्व्हर्टरच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीपेक्षा ती बरीच हलकी पडते आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत नाही.

गैरसमज: हे अजून प्रयोगशाळेतच आहे.
वस्तुस्थिती: चीनच्या हुबेई प्रांतात 2024 मध्ये 100 मेगावॅट-तास, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत एक लाख युनिट, साठवणारा सोडियम-आयन प्रकल्प ग्रिडला जोडला गेला. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेच्या साथीने विकसित केलेलं तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. त्याआधी रिलायन्सने फॅराडिऑन ही ब्रिटिश कंपनी सुमारे 10 कोटी पौंडांना घेण्याचा करार केला होता. तरीही लिथियमच्या तुलनेत हा पसारा अजून लहान आहे.

गैरसमज: जुनी बॅटरी काढायची आणि ही जोडायची.
वस्तुस्थिती: इथेच फसगत होते. सोडियम सेल भरलेला असताना साधारण 4 व्होल्टवर असतो आणि रिकामा होता होता 2 च्याही खाली उतरू शकतो. इतका चढउतार लेड-ॲसिडसाठी बनलेल्या इन्व्हर्टरला झेपत नाही. बॅटरीत वीज शिल्लक असतानाच तो 'लो बॅटरी' म्हणून बंद पडू शकतो.

थंडीत ही बॅटरी उत्तम चालते, म्हणून काश्मीरला तिचा मोठा उपयोग. संभाजीनगरचा प्रश्न वेगळा: मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने कोणत्याही बॅटरीचं आयुष्य घटतं. तेव्हा विक्रेत्याला 'मिठाची आहे का' हे विचारून उपयोग नाही. 'किती तापमानाला, किती चार्जिंगची वॉरंटी, आणि माझ्या इन्व्हर्टरला चालेल का' हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.