तारेनं वीज, नदीनं राख

अड्याळच्या बाजारात धानाचा कट्टा म्हटलं की चाळीस किलो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. हेच माप आज दुसऱ्या कामाला लावून बघू. घरात दोन-तीन पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज, उन्हाळ्यात कूलर. महिन्याला साधारण १०० युनिट. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज काढायला ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राखच ३० ते ४० टक्के. म्हणजे शंभर युनिटांमागे पंचवीसेक किलो राख. दीड-पावणेदोन महिन्यांत धानाच्या एका कट्ट्याच्या वजनाएवढी. शिवाय युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड.

आता महिन्याचं बिल उलगडून बघा. स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आकार आहे, त्यावर १६ टक्के वीज शुल्क आहे. इतके सगळे आकार, पण त्या कट्टाभर राखेला कागदावर कुठेच आकार नाही. वीज कंपनीचा कारभार नीतीनं चाललाय का, निसर्गाचं ती किती नुकसान करते, हे तपासायचं तर बिलाच्या बाहेर पडावं लागतं.

अड्याळ म्हटलं की बाहेरचे लोक लगेच टेकडीचं विचारतात. ती अड्याळ टेकडी चंद्रपूर जिल्ह्यातली, ब्रह्मपुरीकडची. आपलं अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावरचं, पवनी तालुक्यातलं. इथं टेकडीपेक्षा धानाच्या बांध्या आणि पाण्याच्या बोड्या महत्त्वाच्या. बोलताना इथले लोक वीज कंपनीला अजूनही ‘एमएसईबी’च म्हणतात. १९६० साली स्थापन झालेलं ते राज्य वीज मंडळ जून २००५ मध्ये मोडलं आणि वीज करणारी महानिर्मिती, वाहून आणणारी महापारेषण, घरोघर पोचवून बिल देणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. त्यामुळे जाब विचारायला गेलं की पहिली अडचण येते. तार आणि मीटर महावितरणचं, धुराडं महानिर्मितीचं, नाहीतर एखाद्या खासगी कंपनीचं. महावितरण म्हणते, आम्ही फक्त घेतो आणि देतो. हे उत्तर मला पटत नाही. महावितरण हे साधं गिऱ्हाईक नाही, तिच्या खरेदी करारावर ही केंद्रं उभी राहतात.

आपल्या घरातली वीज नेमकी कुठल्या केंद्राची, हे मात्र सांगता येत नाही. मालगुजारी तलावात पाच नाल्यांचं पाणी येतं. कुठल्या नाल्याचं कुठल्या बांधीत गेलं हे पाटकऱ्यालाही सांगता येणार नाही. विजेच्या जाळ्याचं, ग्रीडचं, तसंच. पण जवळचे मोठे नाले माहीत आहेत. नागपूरजवळ महानिर्मितीची कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रं, आणि वर वैनगंगेच्या काठाकडे गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी पॉवरचं ३,३०० मेगावॉटचं केंद्र.

कोराडीपासून सुरुवात करू, कारण तिथली राख आपल्याकडे यायला वाट आहे. केंद्रातली राख पाण्यात कालवून पाइपानं राखेच्या तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये ऐन पावसात कोराडीच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचा रेंदा शेतांत शिरला, नाल्यात उतरला, कोलार नदीतून कन्हानला गेला. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मुख्य स्रोत, म्हणून शहरात ओरड झाली, पेपरांत फोटो आले. पण नदी काही नागपूरला थांबत नाही. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, आणि ते सगळं पाणी पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात साठतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून याच वाटेनं गोसीखुर्दला येतं, ही तक्रार भंडारा जिल्ह्यात जुनी आहे. राखेची वाटही तीच. वीज तारेनं येते, राख नदीनं; फरक एवढाच की तारेला मीटर आहे.

राखेचा बांध फुटणं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही सरकारी वीज कंपनी, जिच्या धर्तीवर आपण १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ काढलं. तिच्या किंग्स्टन केंद्राचा राख तलाव २२ डिसेंबर २००८ ला फुटला. साफसफाईला वर्षं लागली, खर्च अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि राख उपसणारे कामगार आजारी पडल्याचे खटले पुढे कितीतरी वर्षं चालले. इकडे सिंगरौलीजवळ सासन केंद्राचा बांध एप्रिल २०२० मध्ये फुटला, त्यात माणसं वाहून गेली. तेव्हा खसाळ्याला फक्त शेती आणि पाणीच गेलं, असं म्हणून सुस्कारा टाकायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

राखेचे नियम कागदावर कडक आहेत. पहिली अधिसूचना १९९९ सालची. तिची जागा घेणारी ३१ डिसेंबर २०२१ ची. या दुसरीनुसार निघालेली सगळी राख सिमेंट, विटा, रस्ते, खाणी भरणं अशा कामांत वापरली गेली पाहिजे, नाही तर टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई. म्हणून कुठल्याही केंद्राचा वार्षिक अहवाल हातात घेतला की मी आधी राखेचं पान काढतो. त्यातही टक्केवारी फसवी असते. यंदाची ९० टक्के राख वापरली म्हणताना तलावात वर्षानुवर्षं साचलेल्या राखेचं काय, ते त्या आकड्यात येत नाही. खसाळ्याला फुटला तो वर्षानुवर्षं भरत आलेला तलाव होता.

धुराचं प्रकरण याहून वाईट आहे. कोळशातला गंधक हवेत जाऊ नये म्हणून धुराड्याच्या आधी गंधक काढणारी यंत्रणा बसवायची, असा नियम केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये केला. मुदत दोन वर्षं. ती वाढली, पुन्हा वाढली, मग वीज केंद्रांचे गट पाडून आणखी वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये दिल्लीचा परिसर, मोठी शहरं आणि अतिप्रदूषित जागा सोडून बहुतेकांना त्यातून मोकळंच केलं. कोराडीला ६६०-६६० मेगावॉटचे आणखी दोन संच बसवायची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली. आधीच्या संचांच्या धुराचा बंदोबस्त झाल्याशिवाय नवे कशाला, हा प्रश्न त्या वेळी नागपुरात जोरात विचारला गेला. मला तो साधा, घरगुती प्रश्न वाटतो. पहिली उधारी चुकवल्याशिवाय अड्याळच्या दुकानात दुसरी मिळत नाही.

जमेच्या बाजूलाही लिहायला आहे. नागपूरच्या भांडेवाडीत दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीला पाठवायची व्यवस्था झाली. ज्या केंद्राला पेंच धरणाचं पाणी लागलं असतं, त्यानं शहराचं वापरलेलं पाणी घेतलं. देशात असं करणारी केंद्रं फार नाहीत.

तिरोड्याची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी. या केंद्रासाठी चंद्रपूर जिल्ह्यातली लोहारा ही कोळसा खाण दिलेली होती. खाण ताडोबाच्या शेजारी, वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. चंद्रपुरात आंदोलन झालं, ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले, आणि अखेर पर्यावरण मंत्रालयानं त्या खाणीच्या परवानगीची प्रक्रिया मागे घेतली. ताडोबा वाचला. पण मग केंद्राला कोळसा बाहेरून आणावा लागला, तो महाग पडला, आणि जास्तीचा खर्च कोणी सोसायचा यावरची भांडणं वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या खर्चातला मोठा भाग अखेर फिरून ग्राहकाच्या दरात आला. म्हणजे वाघाच्या वाटेचं मोल आपण थोडंफार बिलातून भरतो. मला त्याचं दुःख नाही. दुःख एवढंच की ते बिलावर कुठे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर अभिमानानं भरलं असतं.

वाघाचा विषय निघालाच आहे तर अड्याळजवळच येऊ. पवनीचं जंगल उमरेड-करांडला-पवनी अभयारण्यात मोडतं. इथला जय नावाचा वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे एका शेताच्या कुंपणातल्या करंटनं मेला. शेतकऱ्यानं करंट वाघासाठी लावला नव्हता. या पट्ट्यात धान पिकायला लागलं की डुकरांचे कळप उतरतात. लोक तारेवर आकडा टाकून शेताभोवती करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा माणूसही.

याला वीज कंपनी जबाबदार कशी, असं कोणी म्हणेल. थेट नाही. पण शेतीची थ्री फेज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. उन्हाळी धानाला पाणी तर रोज लागतं. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन बांधीवर जातो, डीपीजवळ उभा राहून लाईन यायची वाट बघतो, मग स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो आणि मोटार पाणी उचलेपर्यंत कान देऊन ऐकतो. आजूबाजूला जंगल. आठ तास संपेपर्यंत तो तिथंच. ‘दिवसा बारा तास लाईन द्या’ अशी मागणी या जिल्ह्यातले धानवाले का करतात, हे ज्यानं ती रात्र काढली त्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून महावितरणच्या जमेत सगळ्यांत वजनदार नोंद मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची वाटते. २०१७ मध्ये सुरू झालेली, २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेली. उपकेंद्राजवळ सौर पॅनेल उभे करायचे आणि शेतीचा फिडर दिवसा त्यावर चालवायचा. दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. कोळसा वाचतो, राख वाचते आणि माणूस रात्री जंगलात जात नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेचं कौतुक मी जरा हात राखून करतो. शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरून पंप मिळतो, हे चांगलंच. पण भरल्या आभाळाखाली पंप मंदावतो, आणि बिघडला तर दुरुस्तीला माणूस तालुक्यात आहे का, हा प्रश्न जाहिरातीत नसतो.

कारभाराच्या सचोटीबद्दल एक जुना वाद सांगायलाच हवा. लाखो शेतीपंपांना मीटर नाही, किंवा आहे पण कोणी वाचत नाही; बिल अश्वशक्तीवरून. मग शेतीला नेमकी किती वीज गेली, हा अंदाजच. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षं सांगत आली की शेतीचा वापर फुगवून दाखवायचा म्हणजे गळती आणि चोरी त्यात झाकली जाते. नियामक आयोगानं शेवटी शेतीवापर तपासायला अभ्यासगट नेमला, फिडरवरून मोजणी करायचा आग्रह धरला. कोळशाच्या धुरापेक्षा हा धूर मला जास्त खटकतो. यात शेतकरी फुकट्या म्हणून बदनाम होतो, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरत असल्यामुळे त्यालाही ते तपासायची गरज उरली नाही. सरकार भरतं, मग आकडा कोण बघणार?

आकडे उघड मांडायची सक्ती काही कंपन्यांना आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण, कामगार आणि कारभार यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सेबीनं सक्तीचा केला. अदानी पॉवर त्यात येते. महानिर्मिती आणि महावितरण बाजारात नाहीत, म्हणून त्यांना ती सक्ती नाही. ज्या कंपन्या आपल्या, सरकारच्या, त्यांनाच खासगी कंपनीपेक्षा कमी विचारायचं, हे मला उलटं वाटतं. त्यांना विचारायची जागा दुसरीकडे आहे. दर वाढवायचा तर कंपनीला आयोगाकडे याचिका द्यावी लागते, पेपरात सूचना द्यावी लागते, आणि कोणाही ग्राहकाला लेखी हरकत पाठवता येते. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदललं नाही तर भरपाईचा हक्क आहे. गाऱ्हाणं ऐकायला मंच आहे, त्याच्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहे.

दरवाढीची ती सूचना बारीक टाइपात, आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेली असते. दुसऱ्या दिवशी त्याच पानात भजी बांधून मिळतात. पुढच्या वेळी भजी खाऊन झाली की पान सरळ करा, आणि इंधनाच्या रकान्याशेजारी राखेचा रकाना आहे का ते बघा.