पावती घेऊन जायचे कुठे?
न्यूझीलंडच्या टीव्हीवर १९७७ पासून ‘फेअर गो’ ग्राहकांची बाजू लावून धरत असे. फसलेला माणूस पावती दाखवी. वार्ताहर थेट विक्रेत्याला जाब विचारी. जाहिरातींचे उत्पन्न आटले आणि २०२४ मध्ये हा कार्यक्रम बंद पडला. बीबीसीचे असेच ‘वॉचडॉग’ १९८० साली ‘नेशनवाइड’ या कार्यक्रमातले सदर होते, १९८५ मध्ये स्वतंत्र झाले, २०२० मध्ये ‘द वन शो’त पुन्हा सदर बनून राहिले. ग्राहकांच्या अशा कार्यक्रमांना कात्री लवकर लागते, कारण एकेका तक्रारीमागे कागदपत्रांची छाननी, कंपनीचे म्हणणे, वकिलाची तपासणी असा खर्चिक खटाटोप असतो. गप्पांचे कार्यक्रम स्वस्तात होतात. कॅनडात सीबीसीचे ‘मार्केटप्लेस’ मात्र १९७२ पासून तग धरून आहे, हा मोठाच दिलासा.