क्षेत्रमापकाचे कॅलिब्रेशन : एका खर्चाचे स्पष्टीकरण

जमाखर्चाच्या पत्रकात 'उपकरणांचे कॅलिब्रेशन' या शीर्षाखाली दरवर्षी एक रक्कम दाखविलेली असते. तीत रेडिओ क्षेत्रमापकाचा समावेश का, अशी पृच्छा देणगीदारांकडून होते. म्हणून हे निवेदन.

अतिदक्षता विभागातील श्वसनयंत्र, सलाइनचे पंप, मॉनिटर यांच्या कार्यात तीव्र रेडिओलहरींमुळे व्यत्यय येऊ शकतो. रुग्णालयीन उपकरणांनी साधारणतः ३ व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र निर्वेधपणे सहन करावे, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. नातेवाइकांचे बोट बहुधा समोरच्या इमारतीवरील टॉवरकडे असते. परंतु लहरींची तीव्रता अंतरानुसार ओसरते; उलट २ वॉट शक्तीने प्रक्षेपण करणारा मोबाईल मोकळ्या जागेत एक मीटरवर सुमारे ८ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र निर्माण करतो. खाटेशेजारी मोबाईल वापरू नये, ही विनंती त्यासाठीच.

क्षेत्रमापकाचा अँटेना लहरींपासून अल्प विद्युतदाब ग्रहण करतो व ठरावीक गुणकाने त्याचे क्षेत्रतीव्रतेत रूपांतर होते. हा गुणक प्रत्येक वारंवारितेस निराळा असतो, आणि धक्के, उष्णता, जुने होणारे डायोड यांमुळे तो ढळतो. बंद पडलेले यंत्र निदान लक्षात तरी येते. ढळलेले यंत्र मात्र निश्चिंतपणे चुकीचा आकडा दाखविते. दहा टक्के कमी दाखविणाऱ्या मापकावर ३.२ चे क्षेत्र २.९ दिसेल, आणि खाट सुरक्षित समजली जाईल.

म्हणून मापक ज्ञात क्षेत्रात ठेवून तपासावा लागतो. त्यासाठीची 'टेम सेल' १९७४ मध्ये अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे मायरॉन क्रॉफर्ड यांनी मांडली. ही धातूची बंद पेटी. तिच्या मध्यभागी एक पट्टी. पट्टी व भिंत यांतील विद्युतदाबास त्यांच्यातील अंतराने भागले की क्षेत्र मिळते : १५ सेंटिमीटरवर १.५ व्होल्ट, म्हणजे १० व्होल्ट प्रति मीटर. अधिक वारंवारितांसाठी लहरी शोषणाऱ्या भिंतींची खोली लागते. प्रयोगशाळेच्या मापांची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. नुसता 'योग्य' असा शिक्का आम्ही पुरेसा मानत नाही. प्रमाणपत्रावर प्रत्येक वारंवारितेचा दुरुस्ती-गुणक व मापनातील अनिश्चितता नमूद असावी लागते.

दान केलेल्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, कॅलिब्रेशनवर लावता येत नाही. ही प्रमाणपत्रे जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागात ठेवलेली असून हितचिंतकांना कार्यालयीन वेळेत ती पाहता येतील.