रात्रीचं काम, संध्याकाळचे प्रश्न

पवारांच्या संस्थानांमुळे धार आणि देवासला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा एखाद्या घरातल्या तरुणाला जुन्या छायाचित्रांच्या ढिगावर मराठी ओळी छापायच्या असतील, तर ‘इमेजमॅजिक’ हा मोफत प्रोग्राम ते काम झपाट्यानं करतो. पण छापलेला ‘किल्ला’ कधी कधी वाचताच येत नाही. वेलांटी ‘क’च्या आधी यायची ती नंतर पडते, ‘ल्ल’ फुटतो आणि मधे हलन्त लोंबतो.

दोष फॉन्टचा असेलच असं नाही. जोडाक्षरं आणि मात्रा जागच्या जागी बसवण्याचं काम ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते आणि इमेजमॅजिक तिच्यापर्यंत ‘राक्म’ या दुसऱ्या लायब्ररीमार्फत पोहोचतो. प्रोग्राम मूळ कोडपासून तयार करताना राक्मचा पर्याय निवडला नसेल, तर चूक झाल्याचा संदेशही न देता तो देवनागरी मोडून छापतो. म्हणून तयारीच्या वेळचे हे पर्याय डोळ्यांखालून घालणं फार महत्त्वाचं.

फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीत ही सोय नीट लावलेली आहे. तिथल्या ‘पोर्ट्स’ या प्रोग्रामसंग्रहाची सुरुवात जॉर्डन हबर्ड यांनी 1994 मध्ये केली, आज तिथे 30 हजारांहून अधिक प्रोग्राम आहेत. ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं की कोड उतरतो आणि प्रोग्राम तयार होऊ लागतो. एका प्रोग्रामला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि प्रत्येकाचे पर्याय वेगळे. त्यामुळे काम लावून माणूस झोपायला गेला, की मध्येच चौकोनी खुणांची एक यादी पडद्यावर येते आणि उत्तराची वाट पाहत सकाळपर्यंत तशीच थांबते.

यावर उपाय ‘मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह’. सगळ्या प्रोग्रामांच्या याद्या आधीच एकामागून एक समोर येतात, आणि उत्तरं साठवली जातात. मात्र ही आज्ञा एकदाच देऊन भागत नाही. एखादा पर्याय निवडला की नवी लायब्ररी लागते, आणि त्या लायब्ररीचे स्वतःचे पर्याय असतात. म्हणून एकही नवी यादी येईनाशी होईपर्यंत तीच आज्ञा पुन्हा पुन्हा द्यायची. मग ‘मेक फेच-रिकर्सिव्ह’नं सगळा कोड आधी उतरवून ठेवला, की रात्री इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही.

घाई असलेले लोक ‘बॅच’ हा शब्द जोडून मोकळे होतात. तेव्हा प्रश्न येतच नाहीत. जिथे उत्तरं साठवलेली नाहीत, तिथे मूळ पर्याय गृहीत धरले जातात. नेहमीच्या वापराला ते पुरतं, पण मराठी छापणाऱ्याला नाही, कारण त्याला हवी असलेली खूण मूळ यादीत असेलच याची खात्री नसते.

नव्या आवृत्तीत पर्याय वाढले, तर साठवलेली उत्तरं अपुरी पडतात आणि यादी पुन्हा समोर येते. त्यामुळे प्रत्येक अद्ययावतीकरणाआधी कॉन्फिग-रिकर्सिव्ह पुन्हा चालवावं, आणि नंतर एकाच चित्रावर चार जोडाक्षरं छापून पाहावीत.